जिथं तिची मेंढरं बसली

अन्याय झाला तो एका धनगर बाईवर. झाला अठ्ठेचाळीस सालच्या पावसाळ्यात, हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं त्याच्या मागच्या-पुढच्या काही आठवड्यांत. आणि मी हे लिहिते आहे तेव्हाही तो चालूच आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पोलिसाच्या आठवणी वाचणाऱ्याला गुन्हेगार कोण याची शेवटच्या पानापर्यंत वाट बघायची सवय असते. इथं तशी वाट बघू नका.

ही केस विसरून जा, असं मला वरिष्ठांनी सांगितलं, घरच्यांनी सांगितलं. मी विसरलेली नाही.

निवृत्त अधिकारी म्हटलं की डोळ्यांसमोर पांढऱ्या मिशा येतात. माझे केस अजून काळे आहेत. कॉलेजात असताना मी बीदरमध्ये पत्रकं लिहायची आणि चौकात उभी राहून वाटायची. मग परीक्षा दिली, फौजदार झाले, काही वर्षं वर्दी घातली आणि राजीनामा देऊन पुन्हा पत्रकांकडे आले. त्यामुळे आता परवानगी न घेता लिहिता येतं. नावं मात्र कुणाचीच देणार नाही. गावाचंही नाही. ज्या गावाची ही हकीकत आहे ते गाव पहिल्या पानावरच स्वतःला ओळखेल.

माझं ठाणं हैदराबादच्या हमरस्त्यावर होतं. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. दिवसभर रोलर, डंपर, धूळ. ठाण्याच्या फायली कानडीत, तक्रारी मराठीत आणि शिव्या दखनीत, असा आमचा कारभार. सकाळची हजेरी संपली, ड्यूट्या वाटून झाल्या, आणि फोन वाजला. रायटरनं, म्हणजे ठाण्याच्या कारकुनानं, उचलला आणि माझ्याकडे दिला.

"मॅडम, म्हातारीकडं पिस्तूल हाय. मेंढरवालीकडं. रोलरनं तिची भिंत पडली, मजुरांनी बघितलं. येऊन धरा तिला."

"कोण बोलतंय?"

"गावकरी."

फोन ठेवला. आमचे जमादार शेजारी उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, स्वतः धनगराच्या घरातले, त्या पट्ट्यातली तीन पिढ्यांची भांडणं पाठ असलेले. म्हणाले, "आवाज वळखलो मी. धाब्यावाला हाय. त्याच्या बापाला रझाकारांनी मारलं. गावात दगड हाय ना हुतात्म्यांचा, त्यात पहिलं नाव त्याच्या बापाचं."

"आणि मेंढरवाली कोण?"

जमादारांनी टोपी घातली. "तिनंच त्याच्या बापाला धरून दिलं, असं गाव म्हणतंय. पन्नास सालाच्या वर झालं, म्हणायलेतच."

तिची झोपडी गावाच्या बाहेर, गावात जाणारी वाट हमरस्त्याला मिळते तिथं होती. रस्त्याकडची भिंत अर्धी ढासळलेली. दारात एक मातीचा रांजण, त्यावर झाकण, झाकणावर पेला पालथा. अंगणाच्या कडेला निम्मं गाव जमलं होतं, पण अंगणात एकही पाय पडलेला नव्हता. जणू कुणी रेघ मारून ठेवली होती.

म्हातारी दारात बसून लोकर निवडत होती. आम्हाला बघून उठली नाही. मी पंचांना बोलावलं, तर पंच रेघेच्या आत यायला तयार नाहीत. शेवटी रस्त्याच्या कामावरचे दोन मुकादम पंच म्हणून घेतले आणि पंचनामा केला.

पिस्तूल लपवलेलं नव्हतंच म्हणा. मागितल्यावर तिनं आतून घोंगडीचं एक गाठोडं आणून माझ्या हातात ठेवलं. उघडलं. मला गंजलेलं लोखंड दिसेल असं वाटलं होतं. नळी चकाकत होती. बोटाला चरबी लागली. मेंढीची चरबी. इतकी वर्षं ही बाई ते पिस्तूल पुसत होती, चरबी लावत होती.

"अक्का, हे कुणाचं?"

"माझं न्हाई."

"मग तुझ्या घरात कामून?"

"ठेवायला दिलंय."

"कुणी?"

"ज्याचं हाय त्यानं."

"कधी?"

"तू जन्मली नव्हतीस तवा."

शिपाई हसले. मी हसले नाही. तेव्हा मला राग लवकर यायचा, अजूनही येतो. म्हटलं, "हे बघ, बोलली नाहीस तर केस होईल. कोर्टात जावं लागेल."

"बसनं का तुझ्या जीपनं?"

"अक्का, मी चेष्टा करत नाहीये."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मी बी न्हाई, बाई. भंडारा उचललाय मी. आता आणि इचारू नको."

पुन्हा लोकर निवडायला लागली. त्या दिवशी तिच्या तोंडून आणखी एक शब्द निघाला नाही.

निघताना मला तहान लागली होती. रांजणातून पाणी घेतलं आणि प्याले. वळून बघितलं तर सगळा जमाव माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत होता. एक बाई हळूच म्हणाली, "मॅडम, त्यातलं पाणी कुणी पीत न्हाई वो."

"मग भरून कुणासाठी ठेवते?"

म्हातारीही पेल्याकडेच बघत होती. धुऊन पालथा घालीन म्हणून मी खाली वाकले, तर तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि न धुताच मांडीवर धरून बसली.

गुन्हा नोंदवला, पिस्तुलाला मुद्देमालाचं सील केलं. वयाकडे बघून तिला अटक केली नाही. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची, म्हणून ठाण्यातही आणली नाही. त्यावरून गाव माझ्यावर नाराज झालं. मग मी गावात बसून जबाब घ्यायला सुरुवात केली. अर्धी घरं कुलपात. तरणी माणसं हैदराबादला, पुण्याला, कुणी इमारतींवर, कुणी गाडीवर. गावात उरलेले म्हातारे, आणि म्हाताऱ्यांना हीच एक गोष्ट पाठ.

प्रत्येकानं एकच वाक्य सांगितलं. "जिथं तिची मेंढरं बसली, तिथं दुसऱ्या दिवशी धाड आली."

शहरातल्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे पेरणीच्या आधी शेतकरी धनगराला बोलावतो आणि त्याची मेंढरं रात्रभर आपल्या रानात बसवून घेतो. लेंड्या-मुताचं खत होतं. बदल्यात धनगराला ज्वारी मिळते. सगळ्या मुलखाला हे माहीत, त्यामुळे कुणाच्या रानात मेंढरं बसलेली दिसली तर कुणी वळून बघत नाही. या बाईचा नवरा तापानं लवकर गेला. सासऱ्याच्या मेंढरांची खांड तिच्याकडे आली. तेव्हा ती फार तर सतरा-अठरा वर्षांची असेल. ती एकटी खांड घेऊन फिरायची आणि निजामाच्या पोलीस चौकीवर कोकरं पोचवायची. चौकीच्या अंगणात बसायची. अमीनसाब म्हणजे चौकीचा फौजदार तिच्याशी हसून बोलायचा. तेवढं गावाला पुरलं. ती चौकीची हेर, आणि तिची मेंढरं म्हणजे चौकीला घर दाखवायची खूण. गावात आजही कुणी कुणाची चुगली केली तर म्हणतात, "मेंढरं बसवलास का रे?"

सगळे साक्षीदार एकच वाक्य बोलायला लागले की पोलीस सावध होतो. एक तर ते पढवलेलं असतं, नाही तर खरं असतं. हे पढवलेलं नव्हतं. माणसं एकमेकांशी न बोलणारी होती, भावकीतले वाद असलेली होती, तरी तेच सांगत होती.

धाबेवाल्याचा जबाब मी त्याच्या धाब्यावरच घेतला. साठीला टेकलेला, तिखट, पण माणूस वाईट नाही. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "फोन मीच केलतो. लपवत न्हाई."

"बाप गेला तेव्हा तू केवढा?"

"पाळण्यात. मला आईनं सांगितलं. रोज सांगायची." त्यानं गल्ल्यावरच्या फोटोकडे बोट केलं. फोटो आईचा होता, बापाचा कुठून असणार. "श्रावण व्हता. ज्वारी गुडघ्याला आलती. ही बया आली आणि आमच्या उभ्या पिकात मेंढरं घुसवली, तिथंच बसवली. बाप काठी घेऊन गेला. म्हणला, काढ मेंढरं. ही काढंना. नुसतं म्हणायलती, तू जा हितनं, तू जा. बाप म्हणला, माझ्या रानातनं मीच जाऊ? आई बांधावरनं बघायलती. भांडण चाललं ते चाललंच. उजाडलं आणि चौकीची घोडी आली, संगं रझाकार. तिनं त्याला भांडणात अडकवून ठेवलं, मॅडम. घोडी येईपत्तूर."

मी लिहीत होते. 'उभ्या पिकात' या शब्दांवर पेन थांबलं. मीही खेड्यातली आहे. उभ्या पिकात कोण मेंढरं बसवतं? शेतकरी डोकं फोडेल. खत पेरणीआधी घालतात, ज्वारी गुडघ्याला आल्यावर नाही. धनगराला हे कळत नाही असं होणार नाही.

"तुझ्या बापाशिवाय आणखी किती घरांवर धाडी आल्या?"

"लई. त्या सालात लई."

"आणि त्यात सापडलं कोण?"

त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"तुझ्या बापाशिवाय, कोण सापडलं?"

"सापडलं... कोण न्हाई. पळून गेलते सगळे. सरहद्दीपलीकडं कॅम्प व्हता ना, तिकडं."

"धाडीच्या आदल्या रात्रीच पळाले? प्रत्येक वेळी?"

"त्येंची खबर पक्की असायची. साहेब भाषणात सांगायचे."

साहेब म्हणजे या पट्ट्यातल्या लढ्याचा पुढारी. पुढे मोठा माणूस झाला, पदं मिळाली, काही वर्षांपूर्वी वारला. दर सप्टेंबरात झेंडावंदनाला तो या गावात जीपनं यायचा, दगडाला हार घालायचा, धाबेवाल्याच्या घरी जेवायचा. आणि भाषणात एक वाक्य ठरलेलं असायचं, की आमची खबर कधी चुकली नाही. खबर कोण आणायचं, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्या एकानंही विचारलं नाही.

धाबेवाला माझ्याकडे संशयानं बघायला लागला होता. म्हणाला, "तुम्हाला माझं पटंना का? चौकीवर जो पाणी भरायचा, त्याचा पोरगा मन्नाएखेळ्ळीला हाय. चहाचं हॉटेल हाय त्याचं. जावा, इचारा. ही चौकीवर कशी बसायची, तो सांगंल."

म्हणजे तिच्याविरुद्धचा साक्षीदार त्यानंच मला दिला.

मन्नाएखेळ्ळीच्या बसथांब्याजवळ त्या चाचांचं हॉटेल होतं. पाठीत वाकलेले, दाढी पांढरी, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी. त्या गावाचं नाव घेतलं तर त्यांनी कपबशा पुसायचा फडका खाली ठेवला.

"व्हय, बसायची ती चौकीत. कोकरू घेऊन यायची, सैपाकघराच्या दारात बसायची. अब्बा पाणी भरायचे तिथं. अमीनसाब घोड्यावर चढायच्या आदल्या दिवशी मोठ्यानं हुकूम द्यायचा, उद्या या गावाला, उद्या त्या घराला. ती ऐकायची. अब्बा बघायचे की ती ऐकती."

"मग?"

"मग अमीनसाब धाडीवरनं यायचा, रिकाम्या हातानं. घोड्याला मारायचा." चाचा हसले. "एकदा मेंढीला पाणी पाजताना अब्बांचा हात तिच्या पोटाखाली गेला. लोकरीत काडतुसं बांधलेली. अब्बांनी हात मागं घेतला, पाणी पाजलं, आले."

"बोलले नाहीत कुणाला?"

"अब्बा म्हणायचे, मला पाण्याचा पगार देतात, चुगलीचा न्हाई."

मी विचारलं, "गाव तर म्हणतं, जिथं तिची मेंढरं बसली तिथं धाड आली."

चाचा हळू आवाजात म्हणाले, "हमारे घर के सामने बी बैठे थे बेटी, वो मेंढे."

"कधी?"

"पोलीस ॲक्शन झाली. फौज आली. चौकीवरचे सगळे पळाले, अमीनसाब पहिला. आम्ही कुठं पळणार? आमचं घरच ते. संध्याकाळी मेंढरं येऊन दारात बसली. अंगणात, विहिरीपाशी, सगळीकडं. अम्मी चिडली, झाडू घेऊन उठली. अब्बांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, उठा सगळे. भांडीबी घेतली न्हाईत."

"आणि धाड?"

"आली की. सकाळी. घर जाळलं."

"कुणाची धाड?"

चाचांनी फडका पुन्हा उचलला. "चौकी तर पळाली व्हती ना, बेटी."

केस फुटली ती तिथं, त्या चहाच्या टेबलावर. मेंढरं बसली की धाड येते, हे खरं. पण ही शेवटची धाड चौकीची नव्हती, गावातल्याच माणसांची होती. चौकीची हेर असती तर चौकी पळाल्यावर तिनं मेंढरं कुणासाठी बसवली? ती घर दाखवत नव्हती. घरातल्यांना सांगत होती, निघा. चौकीवर ऐकायचं, खांड हाकत न्यायची, आणि ज्या घरावर धाड येणार त्याच्या रानात बसवायची. पीक असो, नसो. ज्यांना खूण माहीत होती ते निघून जायचे. धाडीला रिकामं घर मिळायचं. कितीतरी माणसं त्या बाईच्या मेंढरांमुळे जगली, त्यांची नातवंडं आज हैदराबादेत नोकऱ्या करतात. आणि गावानं फक्त एवढंच लक्षात ठेवलं, की धाड आली.

चाचांच्या घरच्यांना वाचवल्यावर तिच्यावरचा शिक्का पक्का झाला, असा माझा अंदाज आहे. त्या सकाळी रिकामं घर सापडल्यावर कुणाला तरी राग आलाच असेल. त्या रागाचा जबाब मला कुणी दिला नाही.

एका माणसाला खूण माहीत नव्हती. धाबेवाल्याच्या बापाला. तो लढ्यात नवीन आला होता. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्या कुणीतरीनं सांगितलं नव्हतं. तो काठी घेऊन पीक वाचवायला आला. आणि ती त्याला म्हणत राहिली, तू जा, तू जा. त्याच्यापुढे एक वाक्य ती बोलू शकली असती. बोलली नाही.

का नाही बोलली, ते मला परतीच्या वाटेवर जमादारांनी सांगितलं. "भंडारा उचलला म्हणली ना ती. मैलारचा, तुमच्या खंडोबाचा भंडारा हातात घेऊन शब्द दिला असंल, की कुणाला सांगणार न्हाई. मग आमच्यातलं माणूस मेलं तरी सांगत न्हाई, मॅडम."

"पण आता काय? पन्नास वर्षं झाली."

"ज्यानं उचलायला लावला त्यानंच उतरवायचा. साहेबांनी."

"साहेब तर मेले."

"मग ज्या गावाच्या कामासाठी उचलला त्या गावानं. चार माणसांनी तिच्या दारात जायचं, तिच्या हातचं पाणी प्यायचं, तिच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि म्हणायचं, उतरवला. मग ती मोकळी."

"चला मग. आपण चौघं आहोत जीपमध्ये."

जमादार माझ्याकडे बघून हसले, पण दुखल्यासारखं. "आपण त्या गावचे न्हाई, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. वर्दीत गेले, पण कागद काढला नाही. तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. चौकी, कोकरं, पोटाखालच्या लोकरीतली काडतुसं, चाचांच्या दारात बसलेली मेंढरं. ती लोकर निवडत राहिली. उभ्या ज्वारीपाशी मी आले तेव्हा तिचे हात थांबले.

"लई भांडला त्यो माझ्यासंगं," ती म्हणाली.

मी विचारलं, "असंच झालं ना, अक्का?"

"मी काय बोलले न्हाई. तूच बोललीस."

"साहेब दर वर्षी गावात यायचे. तू भेटायला का नाही गेलीस?"

"मी कामून जाऊ? येतो म्हणला व्हता त्यो." तिनं वाटेच्या वळणाकडे हनुवटी केली. "जीप हितंच वळायची. काच वर असायची."

"ते वारले, अक्का. काही वर्षं झाली."

मला वाटत होतं, तिला कळलं असेल. कुणीतरी सांगितलं असेल. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याशी बोलतच कोण होतं? जीप यायची थांबली एवढं तिनं बघितलं होतं आणि वाट बघत राहिली होती. तिनं मांडीवरची लोकर गोळा केली, टोपलीत टाकली, पुन्हा बाहेर काढली. मग म्हणाली, "मग ते पिस्तूल तुझ्याकडंच असू दे. चरबी लावत जा मातर."

मी लिहिलेला तपासाचा अहवाल सर्कल इन्स्पेक्टरांनी परत केला. म्हणाले, "मॅडम, म्हातारी आहे, हत्यार जुनं आहे, काडतूस नाही. बी रिपोर्ट टाका, केस बंद करा. रिपोर्टमध्ये इतिहास नको."

"सर, तिच्यावरचा आरोप खोटा आहे."

"कोणता आरोप? फायलीत फक्त पिस्तूल आहे."

ते बरोबर होते. फायलीत फक्त पिस्तूल होतं. पिस्तुलाबद्दल सरकारनं तिला सोडून दिलं. दुसरा आरोप कुठल्या ठाण्यात नोंदलेलाच नाही, मग त्याचा बी रिपोर्ट कोण टाकणार? तिनं जबाब दिला नाही. चाचा कोर्टात यायला तयार नव्हते, आणि मी त्यांना दोष देत नाही.

धाबेवाल्याकडे मी शेवटी साध्या कपड्यांत गेले. सगळं सांगितलं. तो चिडला नाही, याचंच मला नवल वाटलं. टेबल पुसत राहिला, पुसलेलंच पुन्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "एवढं व्हतं तर सरळ सांगायचं ना माझ्या बापाला. धाड यायलीय, पळ. एवढंच. दोन शब्द."

"हे तिलाच विचार."

"ती बोलंना तर?"

"तू उतरव. मग बोलेल."

"मी? तिच्या दारात जाऊ?" त्यानं गल्ल्यावरच्या फोटोकडे बघितलं. "आईला काय सांगू?"

"आई तर गेली."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, जाईल. तो गेला नाही.

या केसनं काय शिकवलं, असं मला विचारतात. साक्षीदार खरं बोलत असले तरी गोष्ट खोटी असू शकते, हे शिकवलं. एक बाई चौकीच्या दारात बसून जिवावर उदार होते तेव्हा लोकांना फक्त ती चौकीच्या दारात बसलेली दिसते, हे शिकवलं. पुरुषानं गुप्त काम केलं की नंतर त्याची भाषणं होतात. बाईनं केलं की ती 'तसली' ठरते. जो साहेब येतो म्हणाला आणि काच वर करून तिच्या दारावरून गेला, त्याच्या फोटोला आजही हार पडतात. मी त्या साहेबाला देशभक्त म्हणायला तयार आहे. आधी त्याच्या भक्तांनी मला सांगावं, की वळणावर जीप थांबवायला किती वेळ लागला असता.

गेल्या महिन्यात मी जाऊन आले. रस्ता रुंद झालाय, गाड्या भरधाव जातात. तिची झोपडी मागं सरकवली आहे. मेंढरं कधीच संपली. डोळ्यांना कमी दिसतं. मी आले हे तिनं पावलांवरून ओळखलं आणि विचारलं, "चरबी लावायलीस ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. ते पिस्तूल कुठल्या गोदामात आहे मला माहीत नाही.

रांजण दारात होता, भरलेला. झाकणावर पेला पालथा.

ती अजून आहे. तुम्ही, जे या गावचे आहात आणि हे वाचताय, हैदराबादच्या खोलीत असाल, पुण्याच्या साइटवर असाल, तुमच्या आज्याला त्या वर्षी पळायला वेळ का मिळाला ते घरी विचारा. मग सुट्टी काढा. तुमच्यातले चार जण गावी जा. आणि धाबेवाले अण्णा, तुम्ही पाचवे जा. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. तुमच्याकडे तिचं देणं आहे, आणि ते फेडायला तिच्या आयुष्यात फार दिवस उरलेले नाहीत. मुठीत भंडारा न्या. त्या रेघेच्या आत पाय टाका. पेला सुलटा करा, तिच्या हातून पाणी घ्या, प्या. तिच्या कपाळाला भंडारा लावा आणि म्हणा, अक्का, उतरवला.

मग गप्प बसा, आणि तिला बोलू द्या.